आभाळ भरून आलंय, कार्यक्रम करायचा की नाही? नाशिकच्या नव्या आयोजकांसाठी

मे महिना, संध्याकाळचे पावणेसात. आमच्या कॉलनीच्या मैदानावर स्नेहसंमेलन रंगात आलं होतं. स्टेजवर चिमुरड्यांचं कोळीनृत्य, समोर अडीचशे-तीनशे खुर्च्या आणि स्टेजच्या पायरीशी मी, हातात फोन घेऊन. फोन सांगत होता, पावसाची शक्यता २० टक्के. आधी धूळ आली. मग मागच्या कनाती फुगल्या आणि बघता बघता साउंडचा एक टॉवर डावीकडच्या खुर्च्यांवर आडवा झाला. त्या खुर्च्या रिकाम्या होत्या. का, तर पाच मिनिटांपूर्वी मागे वडापावचा पहिला घाणा निघाला होता आणि तिथली पोरं तिकडे धावली होती. त्या दिवशी आमची लाज आमच्या नियोजनानं नाही, वडापावानं राखली.

त्याला आता बारा वर्षं झाली. तेव्हापासून कॉलनीचे कार्यक्रम, मित्रांच्या घरची लग्नं, गणेशोत्सव, पहाटेच्या मैफली अशा पुष्कळ ठिकाणी 'हवामान कोण बघतंय?' या प्रश्नाला मी हात वर करत आलोय. काही कार्यक्रम रद्द केले, काही आत हलवले. एक रद्द केला आणि थेंबही पडला नाही. ती गोष्ट पुढे येईल. पहिल्यांदाच मैदान, लॉन्स किंवा घाटावर कार्यक्रम घेणाऱ्यांसाठी हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

आधी नाशिकचं आभाळ समजून घ्या

मार्च ते मे हा खरा दगाबाज काळ. दुपारी तीनला आभाळ निळंशार असतं, म्हणून आपण निर्धास्त होतो. पण वळवाचा ढग तास-दीड तासात उभा राहतो. सोबत वावटळ, विजा, कधी गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट जिल्ह्यातल्या बागाइतदारांना अजून आठवते.

जून ते सप्टेंबरमध्ये निदान पाऊस येणार हे सगळ्यांना माहीत असतं. तेव्हा घोळ होतो तो शहर आणि घाट यांच्यात. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडे धो-धो आणि सिडकोत भुरभुर, हे नेहमीचं चित्र. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस विजा घेऊन येतो आणि नवरात्र, कोजागरी नेमकी त्यातच. उरला हिवाळा. 'नोव्हेंबरात कसला पाऊस' म्हणून लग्नाला मंडप न घालता नुसती लायटिंग करणारे लोक मी पाहिलेत. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर, तुळशीची लग्नं लागली न लागली तोच, निफाड तालुक्यात गारांनी द्राक्षबागा झोडपल्या. तेव्हा महिना बघून बेफिकीर राहू नका.

१. निर्णय कोण घेणार ते आधी ठरवा

हे पहिलं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक कार्यक्रम अंदाज चुकल्यानं बिघडत नाहीत. आभाळ काळं झाल्यावर सात जण स्टेजमागे कोंडाळं करून उभे राहतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतो, म्हणून बिघडतात. अध्यक्ष म्हणतात, सेक्रेटरींना विचारा. सेक्रेटरी म्हणतात, पाहुणे निघालेत, आता कसं सांगायचं? साउंडवाला म्हणतो, 'दोन सरी येऊन जातील, साहेब.' तोवर पहिला थेंब पडलेला असतो.

एकच माणूस नेमा. त्याच्या जागी दुसरा कोण तेही ठरवा, कारण पहिला नेमका पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेलेला असतो. आणि एक अट पाळा: ज्याचे पैसे अडकलेत, ज्याची मुलगी स्टेजवर नाचणार आहे किंवा ज्याचं नाव पत्रिकेत ठळक छापलंय, त्याच्याकडे हा निर्णय देऊ नका. माणूस वाईट असतो असं नाही. त्याला आभाळ वेगळं दिसतं. त्या मे महिन्यात मीच निमंत्रक होतो, आणि मला तो ढग 'बाजूनं निघून जाणारा' दिसत होता.

आमच्याकडे हे काम एका निवृत्त मुख्याध्यापिकांकडे आहे. सगळे त्यांना बाई म्हणतात. त्यांना ना वर्गणीशी देणंघेणं ना मिरवण्याशी. बाईंनी माइक मागितला की कार्यक्रम थांबतो, त्यावर चर्चा नाही, हे कमिटीच्या बैठकीत सगळ्यांच्या सह्यांनी लिहून घेतलंय. सही घ्याच. तोंडी कबुली पहिल्या गडगडाटाला विरून जाते.

२. मैदान रिकामं व्हायला किती मिनिटं लागतात?

हा आकडा हातात नसेल तर बाकी सगळं वाचून उपयोग नाही. दोनशे माणसं, एक फाटक, त्यात म्हातारीकोतारी, लहान मुलं, चपला शोधणारे, 'जेवण मिळणार का' विचारणारे. आमच्या मैदानावर मी एका कार्यक्रमानंतर घड्याळ लावून बघितलं. मला वाटत होतं दहा मिनिटं. निघाली चोवीस.

आता हिशोब करा. गडगडाटी ढग साधारण ताशी ३०-४० किलोमीटरनं सरकतो असं धरा. ४० च्या वेगानं १० किलोमीटर यायला त्याला पंधरा मिनिटं पुरतात. म्हणजे वीज १० किलोमीटरवर असताना आम्ही घोषणा केली, तर शेवटची नऊ मिनिटं लोक उघड्यावर असतानाच ढग डोक्यावर येणार. म्हणून आमच्यासाठी थांबायची रेघ १० नाही, २० किलोमीटर. दहा मिनिटांत रिकामी होणारी सोसायटीची गच्ची आणि पाऊण तास घेणारं मोठं मैदान यांना एकच नियम लागू होत नाही. तुमचा आकडा तुम्हीच काढा.

लोक जाणार कुठे तेही आताच ठरवा. वीज असेल तर सुरक्षित जागा दोनच: पक्की इमारत, किंवा काचा बंद केलेली पत्र्याच्या टपाची गाडी. मंडप ही सुरक्षित जागा नाही. लोखंडी ट्रसच्या, पत्र्याच्या मंडपाखाली गर्दी करणं उघड्यावर राहण्याइतकंच वाईट. झाडाखाली तर मुळीच नाही. आमच्या मैदानाशेजारी शाळा आहे. कार्यक्रमाच्या दिवशी तिच्या दोन वर्गांच्या किल्ल्या आमच्याकडे असतात. किल्ली शिपाईमामांकडे आणि शिपाईमामा गावाला, असं एकदा झालंय.

३. 'इतकं झालं की थांबायचं' हे कागदावर लिहा

एका पानावर बसेल इतकंच लिहा. आमच्या पानावर पाच गोष्टी आहेत.

वीज. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाजाला एक किलोमीटरला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे तीस सेकंद झाले तर वीज १० किलोमीटरवर. तीस किंवा त्याहून कमी आले की कुठल्याही कार्यक्रमानं थांबायलाच हवं. आपलं मैदान सावकाश रिकामं होत असेल तर त्याच्या बरंच आधी. 'पाऊस तर नाहीये' या वाक्याला फसू नका. पावसाच्या सरीपासून कित्येक किलोमीटर दूर कोरड्या जागीही वीज पडते.

वारा. नाशिकमध्ये मंडप पडतात ते पावसानं नाही, वाऱ्यानं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की कापडावरचा जोर चौपट होतो. ताशी २० ला नुसती फडफडणारी कनात ४० ला खांब उपटू बघते. वाऱ्याचा वेग मोजणारं हातात मावेल असं यंत्र हजार-दोन हजारांत मिळतं, पण नसलं तरी डोळे पुरतात. धूळ-कागद उडायला लागले, बारक्या फांद्या हलल्या, की वेग साधारण २०-२८. छोटी झाडं अख्खी डोलायला लागली की ३० ते ३८. मोठ्या फांद्या हलतात आणि छत्री धरवत नाही, तेव्हा ४० च्या वर. आमचा नियम असा: झाडं डोलायला लागली की फ्लेक्स आणि कनाती खाली, साउंडचे टॉवर उतरवायचे आणि टॉवरजवळच्या खुर्च्या रिकाम्या करायच्या. छत्री धरवेना झाली की मंडपाखालून सगळे बाहेर. टॉवर उतरवायला माणसं लागतात, म्हणून साउंडवाल्याची दोन पोरं कार्यक्रम संपेपर्यंत जागेवर हवीत, चहाच्या टपरीवर नकोत.

कमान आणि फ्लेक्सचं वेगळं सांगतो. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला वादळी वाऱ्यात प्रचंड होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ माणसं गेली. आपली स्वागतकमान तेवढी नसते हे खरं. पण तीही बांबू आणि सुतळीवर उभी असते आणि तिच्याखालूनच सगळी गर्दी आत येते.

पाऊस आणि चिखल. नुसत्या पावसानं माणसं मरत नाहीत, पण ओल्या मैदानात विजेची वायर मारते. जनरेटरपासून स्टेजपर्यंतचे जोड जमिनीवर पडलेले असतील, गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर लावलेला नसेल, तर पहिल्या सरीला मुख्य स्विच बंद, मग दिवे गेले तरी चालतील. बाहेर पडायच्या वाटेवर बॅटरीवरचे दिवे त्यासाठीच ठेवायचे. दुसरं, काळी माती. दिंडोरी रोडच्या बाजूच्या शेतातल्या लॉन्सवर कार्यक्रम असेल, तर आदल्या रात्रीचा पाऊसही पुरतो. हिरवळ छान दिसते आणि पार्किंगमध्ये गाड्या डोहाळजेवणाला बसल्यासारख्या रुततात. आम्ही एकदा ट्रॅक्टर आणून रात्री दीडपर्यंत पाहुण्यांच्या गाड्या ओढल्यात. पार्किंगची जागा पक्की नसेल तर चिखल हेसुद्धा कार्यक्रम रद्द करायला पुरेसं कारण आहे, ते लिहून ठेवायला लाजू नका.

ऊन. याला कोणी 'खराब हवामान' म्हणत नाही, हाच घोटाळा. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यानंतर उष्माघातानं १४ जण दगावले. त्यानंतर त्या उन्हाळ्यात राज्य सरकारनं दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घ्यायला मनाई केली. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे जातो. त्या महिन्यांत दुपारचा कार्यक्रम ठरवूच नका. मग रद्द करायचा प्रश्नच येत नाही.

नदी. गोदाकाठी काही करत असाल तर हा मुद्दा बाकी चारांच्या आधी वाचा. रामकुंडावर लख्ख ऊन असताना पाणी चढू शकतं, कारण पाऊस त्र्यंबकच्या डोंगरांत असतो आणि गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झालेला असतो. विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. १०,००० क्युसेक ऐकलं की डोळ्यांसमोर आणा: दर सेकंदाला दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर. नाशिककर पूर मोजतात तो दुतोंड्या मारुतीवर. कमरेला लागलं, छातीला लागलं, अशी बातमी होळकर पुलावरून घरोघर जाते. ती बघायला जाणाऱ्यांची मोजपट्टी आहे. आयोजकानं विसर्ग वाढवणार असल्याची सूचना आली त्याच क्षणी घाट सोडायचा. जनरेटर, खुर्च्या, गाद्या उचलायला वेळ लागतो आणि घाटावर गाडी खाली आणायची वाट अरुंद असते. २०२७ च्या सिंहस्थाच्या पर्वण्या ऐन पावसाळ्यात आहेत. त्या निमित्तानं काठावर भंडारे, कीर्तनं, शिबिरं भरवायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी ही सवय आत्तापासून लावून घ्यावी.

४. अंदाज कुठला बघायचा आणि कसा वाचायचा

फोनमध्ये आपोआप दिसणारा ढगाचा आणि सूर्याचा छोटा चित्रपट विसरा. माझी '२० टक्के'ची चूक अशी होती: मी ते 'येणार नाही' असं वाचलं. त्याचा अर्थ एवढाच, की अशा दहा दिवसांपैकी दोन दिवशी पाऊस येतो. आला तर किती जोरात येईल, त्याबद्दल तो आकडा गप्प असतो. आणि वळवात बहुतेक वेळा पाऊस हा शत्रू नसतोच, वारा आणि वीज असतात.

मी तीन गोष्टी बघतो.

पहिली, भारतीय हवामान विभागाचा जिल्हानिहाय इशारा. संकेतस्थळावर आणि 'मौसम' ॲपवर पुढच्या पाच दिवसांचा मिळतो. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे कृती करा. लोक पिवळ्याला घाबरतात आणि नारिंगीला सरावतात, दोन्ही चूक. पिवळ्या दिवशी मी कार्यक्रम करतो, पण आतली पर्यायी जागा पक्की करून. नारिंगी असेल तर उघड्यावर करायचा की नाही याची बैठक आदल्या दिवशीच. लाल असेल तर बैठक कशाला हवी?

इथे नाशिकचा खास सापळा आहे. जिल्ह्यात १५ तालुके. सुरगाण्याच्या जंगलापासून येवला-नांदगावच्या कोरड्या माळापर्यंत एकच जिल्हा. हवामान विभाग बऱ्याचदा 'नाशिक' आणि 'नाशिकचा घाट परिसर' असे इशारे वेगळे देतो. बातमीत मात्र 'नाशिकला रेड अलर्ट' एवढंच येतं. मूळ पत्रक उघडून कुठला भाग ते वाचा. शहरातल्या कवी संमेलनाला घाटाचा लाल इशारा लागू होईलच असं नाही. अंजनेरी-हरिहरच्या ट्रेकला तो शंभर टक्के लागू आहे. आणि घाटाचा इशारा वाचून गोदाकाठच्या कार्यक्रमानं हुश्श करायचं नाही, कारण घाटातलं पाणी शेवटी इकडेच येतं.

पावसाच्या शब्दांनाही माप असतं: 'मुसळधार' म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर, 'अति मुसळधार' म्हणजे २०४.४ पर्यंत, त्याच्या वर 'अत्यंत मुसळधार'. पण हे २४ तासांचं माप. वीस मिलिमीटर वीस मिनिटांत पडले तर कुठलाच मोठा शब्द न वापरता तुमचा कार्यक्रम वाहून जातो.

दुसरी गोष्ट, पुढच्या तीन तासांचा तात्कालिक इशारा. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारनंतर खरं काम याचंच. 'मेघगर्जनेसह, ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाचे वारे' असं वाक्य त्यात असेल, तर ते तुमच्या पानावरच्या वाऱ्याच्या ओळीशी ताडून बघा.

तिसरी, 'दामिनी' ॲप. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं ते खास विजांसाठी केलंय. तुमच्या आसपास नुकत्याच कुठे विजा पडल्या ते नकाशावर दिसतं. फोनचं लोकेशन चालू ठेवा, नाहीतर ते शांत बसतं आणि तुम्हाला वाटतं आभाळही शांत आहे.

नदीसाठी जिल्हा प्रशासनाच्या आणि महापालिकेच्या सूचना बघा. आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. फोन करायला संकोच वाटतो, पण त्यासाठीच तो आहे.

५. कधी काय बघायचं

पाच दिवस आधी: नुसतं लक्ष ठेवा, कोणाला काही कळवू नका. एवढ्या लांबून वळवाच्या ढगाची जागा आणि वेळ कळत नाही.

दोन दिवस आधी: आतल्या जागेला फोन. शाळेचा हॉल, मंगल कार्यालयाचं तळघर, सोसायटीचं पार्किंग.

आदल्या संध्याकाळी सहा वाजता: पहिला खरा निर्णय. बाहेर, आत की पुढे ढकलायचा. सहाच का, तर आचाऱ्याचा भाजीबाजार पहाटे होतो. त्यानं कांदा कापायला घेतला की रद्द करण्याची किंमत एकदम वाढते, आणि किंमत वाढली की आभाळ पुन्हा 'बाजूनं जाणारं' दिसायला लागतं.

कार्यक्रमाच्या तीन तास आधी: शेवटचा निर्णय. यानंतर पाहुणे घरातून निघतात. नंतर फक्त मैदानावरचे नियम चालतात, पुनर्विचार नाही.

लग्नांचं थोडं वेगळं. मुहूर्त पुढे जात नाही आणि चारशे माणसं जेवल्याशिवाय जात नाहीत. म्हणून लग्नात 'रद्द' हा शब्दच काढून टाका आणि 'अक्षता कुठे पडतील' एवढंच ठरवा. मंगलाष्टकं आतल्या हॉलमध्ये दाटीवाटीनं उरकता येतात. फोटो नंतर लॉन्सवर.

६. पैशाचं आधी बोला

मंडपवाले, साउंडवाले, आचारी, तिघांशी इसार देतानाच बोलायचं. हवामानामुळे आदल्या संध्याकाळी रद्द केलं तर किती द्यायचं, तीन तास आधी केलं तर किती, तारीख पुढे नेली तर इसार वळता होणार का. तीन ओळी, बिलाच्या मागेच लिहून सही. बहुतेक लोक समजूतदार असतात. पण पहिल्यांदा ऐकल्यावर चेहरा पडतो. एक मंडपवाला मला म्हणाला होता, 'भाऊ, मांडव घालायच्या आधीच मोडायचं बोलता?' आज तोच दुसऱ्या आयोजकांना स्वतःहून विचारतो, 'हवामानाचं काय लिहायचं?'

कार्यक्रम रद्द झाल्यास भरपाई देणारा विमा मिळतो. तिकिटाचा मोठा कार्यक्रम असेल तर जरूर विचारा. फक्त प्रतिकूल हवामान त्यात धरलंय का ते आधी वाचा. पुष्कळदा ते वेगळं घ्यावं लागतं.

एका फाइलमध्ये हे कागद ठेवा: पोलिसांची आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी, मैदान महापालिकेचं असेल तर तिची परवानगी, अग्निशमनचं ना-हरकत पत्र, स्टेज-मंडप मोठा असेल तर त्याच्या मजबुतीचा अभियंत्याचा दाखला, मैदानाचा हातानं काढलेला नकाशा (फाटकं, जनरेटर, मुख्य स्विच, आसऱ्याची जागा), आपलं 'थांबायचं पान', आणि छापील फोन यादी. छापील, कारण फोनची बॅटरी त्याच दिवशी संपते. यादीत ११२, १०८ आणि १०१ वर असू द्या. सोबत दोन टॉर्च, एक शिट्टी, बॅटरीवर चालणारा भोंगा. वीज बंद केल्यावर माइक मुका होतो, हे आम्हाला त्या मे महिन्यात स्टेजवर उभं राहून कळलं.

७. रद्द झाल्याचं कसं सांगायचं

व्हॉट्सॲपवर एकच मजकूर, एकाच माणसानं, तारीख आणि वेळ घालून पाठवायचा. 'आजचा कार्यक्रम रद्द' असं नुसतं लिहिलं तर तो मजकूर पुढच्या वर्षी कोणीतरी पुन्हा फिरवतं. हसू नका, झालंय. आमचा मजकूर साधारण असा असतो:

'शनिवार, १७ मे, दुपारी ४:००. आज सायं. ७ चा मैदानावरील कार्यक्रम वादळी वाऱ्याच्या इशाऱ्यामुळे होणार नाही. नवीन तारीख उद्या दुपारी १२ पर्यंत याच ग्रुपवर कळवू. जेवणाची पाकिटं ७ ते ८ शाळेच्या हॉलमध्ये मिळतील. कृपया मैदानावर येऊ नये.'

कारण एका ओळीत, माफी नाही, स्माइली नाही. ज्येष्ठांना फोन करायला चार जण वाटून घ्या, कारण ग्रुप म्यूट केलेले तेच असतात. आणि फाटकावर एक माणूस उभा करा. काही लोक तरीही येतातच, डबा घेऊन.

आता ती न पडलेल्या पावसाची गोष्ट. कोजागरी. दुपारी नारिंगी इशारा, विजांचा उल्लेख, आसऱ्याला फक्त एक जिना. बाईंनी चारला रद्द केलं. रात्री नऊला चंद्र असा काही वर आला की ग्रुपवर त्याच्या फोटोंचा खच पडला. कोणीतरी लिहिलं, 'हवामान खातं आणि कमिटी, दोघांचं एकच.' साठ लिटर दूध आटवून तयार होतं. ते आम्ही जिन्याजिन्यानं घरपोच केलं. दुसऱ्या दिवशी मी बाईंना विचारलं, वाईट वाटलं का? त्या म्हणाल्या, 'चारला जे दिसत होतं, ते आज पुन्हा दिसलं तर पुन्हा रद्द करीन. केशर मात्र कमी पडलं होतं.'

८. लोक बसलेले असताना थांबवायची वेळ आली तर

घोषणेचे शब्द आधी लिहून स्टेजवर चिकटवा. ऐनवेळी माणूस एकतर 'घाबरू नका' म्हणतो, म्हणजे सगळे घाबरतात, नाहीतर 'थोड्या वेळात सुरू करू' म्हणतो, म्हणजे कोणी उठत नाही. आमचं वाक्य: 'विजा जवळ आल्या आहेत. कार्यक्रम आत्ता थांबवत आहोत. डावीकडचे शाळेत जा, उजवीकडचे आपल्या गाड्यांत बसा. खुर्च्या राहू द्या.' दोनदा, सावकाश. खुर्च्यांचं मुद्दाम सांगावं लागतं, कारण नाशिककर भल्या मनानं खुर्च्या आवरायला घेतो आणि वाट अडते.

स्टेजवरच्या मुलांकडे दोन मोठी माणसं आधीच नेमलेली हवीत. नाहीतर पालक स्टेजकडे आणि मुलं पालकांकडे धावतात आणि मधल्या वाटेत सगळ्यांचा गुंता होतो. प्रमुख पाहुण्यांनाही हाच नियम. 'साहेबांचे दोन शब्द होऊ द्या, मग थांबवू' हे वाक्य मी तीन वेळा ऐकलंय. दोन शब्द कधीच दोन नसतात.

९. पुन्हा सुरू करायचं का?

शेवटच्या गडगडाटापासून तीस मिनिटं मोजा. मध्ये पुन्हा गडगडलं की घड्याळ शून्यावर. पाऊस थांबला, तारे दिसले, लोक हॉलमध्ये कंटाळले, तरी तीस म्हणजे तीस.

तीस मिनिटांनंतर लोकांना आत घेण्याआधी मंडपवाला आणि इलेक्ट्रिशियन यांनी फेरी मारायची: खांबांच्या बुडाशी माती सैल झालीय का, कापडाच्या पोटात पाणी साठलंय का (बांबूनं ढोसून आधी उतरवा, तेवढ्या पाण्याच्या वजनानं मंडप नंतर, वारा नसताना, बसतो), वायरचे जोड कोरडे आहेत का. दोघांनी हो म्हटलं तरच जनरेटर चालू. त्यांच्यापैकी एक जरी घरी निघून गेला असेल, तर तो दिवस संपला म्हणायचं आणि वडापाव वाटायला घ्यायचे.